परसातला पडदा

बाईंना वाकडं चालताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती. देवानं माणसाला कणा दिला तो ताठ ठेवायला, आणि जो तो वाकवेल त्याला मैदानाच्या चार फेऱ्या, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. गल्लीतले निम्मे पुरुष आणि निम्म्याहून जास्त बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आता त्यांची पोटं सुटली होती, केस उडाले होते, पण समोरून बाई येताना दिसल्या की अजूनही पोटं आपोआप आत जायची.

बाईंच्या मागे चार पावलांचं अंतर राखून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, धापा टाकत येणारा किडकिडीत माणूस म्हणजे त्यांचा नवरा. त्याला सगळे नुसतं पेंटर म्हणत. बाईंना अहोजाहो आणि पेंटरला अरेतुरे ही गल्लीची रीत होती, तेव्हा आपणही तीच पाळू. पेंटरनं जन्मभर नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडा म्हणा, जंगल म्हणा, चांदण्यातलं बंदर म्हणा, चार दिवसांत कापडावर उभं करून द्यायचा. हल्ली पडदे छापूनच येतात, त्यामुळे त्याचे ब्रश माळ्यावर गेले होते आणि तो स्वतः बाईंच्या हुकमाखाली सुखात होता.

आणि मग बाईंचा उजवा गुडघा गेला.

ऑपरेशन झकास झालं. गुडघा नवा कोरा बसला. पण गुडघा म्हणजे काही चप्पल नव्हे, घातली आणि निघालो. व्यायामाच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या, कोनमापकानं पाय मोजला, तोंड जरा वाकडं केलं आणि नवराबायकोला समोरासमोर बसवून म्हणाल्या, “तीन आठवडे आहेत तुमच्या हातात. रोज चाळीस फेऱ्या मारायच्या, वॉकर घेऊन, पाय नीट वाकवत. तीन आठवड्यांनी मी परत मोजणार. गुडघा काटकोनापर्यंत आला नाही तर भूल देऊन जोरानं वाकवावा लागेल. आणि त्यानंही नाही जमलं, तर पाय असाच राहील, काठीसारखा. जन्मभर.”

“चाळीस?” बाई म्हणाल्या. “मी पोरांना चाळीस शिक्षा म्हणून द्यायचे.”

“मग सोपंच आहे की तुम्हाला,” असं म्हणून डॉक्टरीणबाई गेल्या.

आता या फेऱ्या मारायच्या कुठे? घरात जागा नव्हती. खोल्या दोन, आणि त्यांत पेंटरच्या जुन्या चौकटी, कापडाच्या गुंडाळ्या आणि कधी काळी सिंहासन असलेली एक खुर्ची. रस्त्यावर तर नाव काढायला नको. जिनं उभ्या गल्लीला ताठ चालायला शिकवलं तिनं त्याच गल्लीतून वॉकर ठोकत लंगडत जायचं, यापेक्षा बाई पलंगावर झोपून राहिल्या असत्या. उरलं मागचं परस. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत फरशीची सरळ पट्टी, बावीस पावलांची. कडेला एक नळ, कपडे धुवायचा दगड आणि लिंबाचं झाड. देवानं जणू फेऱ्यांसाठीच आखून ठेवलं होतं.

पण देवानं शेजारी पण ठेवला होता.

शेजारच्या घरावर गेल्या वर्षी मजला चढला होता आणि त्या मजल्याला मागच्या बाजूनं गॅलरी फुटली होती. त्या गॅलरीत वेताची खुर्ची, आणि खुर्चीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत लक्षद्या. याचंही खरं नाव गल्ली विसरली होती. तीस वर्षं त्यानं बसस्थानकावर घोषणा केल्या. प्रत्येक घोषणेची सुरुवात ‘लक्ष द्या’, म्हणून तो लक्षद्या. स्वभावानं गरीब, मनात कपट नाही, पण जित्याची खोड म्हणतात ती ही. डोळ्यांना जे दिसेल ते तोंडानं बाहेर पडायचं, आणि तेही फलाट क्रमांक एकपासून सातपर्यंत सगळीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. त्याची बायको आत स्वयंपाकघरात असायची. तिला जगाची खबर मिळावी म्हणून आपण बोलतो, असं तो सांगायचा.

पहिल्या दिवशी बाई वॉकर घेऊन दाराबाहेर आल्या. एक पाऊल टाकलं. वरून आवाज आला, “लक्ष द्या. बाई परसात आलेल्या आहेत.”

बाई थांबल्या. मग ओठ मिटून दुसरं पाऊल टाकलं.

“डावा पाय पुढे आलेला आहे. उजवा पाय...” इथे बराच वेळ गेला, “उजवा पाय नियोजित वेळेपेक्षा उशिरानं येत आहे.”

आतून लक्षद्याच्या बायकोचा आवाज आला, “फार दुखतंय का हो त्यांना?”

“चेहरा वेडावाकडा झालेला आहे,” लक्षद्यानं जाहीर केलं.

बाईंनी वॉकर वळवला. वळायला त्यांना आठ पावलं लागली आणि आठही पावलं मोजून जाहीर झाली. आत येऊन त्या सिंहासनावर बसल्या आणि म्हणाल्या, “झालं. मी काही पुन्हा बाहेर जायची नाही.”

पेंटरला वाटलं, राग आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी उतरला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कपड्यांच्या दोरीवर चार चादरी वाळत घातल्या. वारा आला आणि चादरी उडून बाईंच्या डोक्यावर बसल्या. वरून लगेच, “बाई दिसेनाशा झालेल्या आहेत!” चौथ्या दिवशी तो रोपवाटिकेत गेला आणि लवकर वाढणारा वेल मागितला. माळ्यानं एक वेल दाखवला. गॅलरीपर्यंत जायला याला किती दिवस लागतील, असं विचारल्यावर माळी म्हणाला, “दोन वर्षं धरून चाला.” मग पेंटर छत्री घेऊन बाईंच्या बाजूनं चालू लागला. आभाळ निरभ्र, आणि हा माणूस बायकोच्या एका अंगाला आडवी छत्री धरून चाललेला. त्या दिवशी तर लक्षद्याच्या बायकोला पोळ्या टाकून बाहेर यावंच लागलं.

शेवटी पेंटर लक्षद्याच्या घरचा जिना चढून वर गेला. भांडायचं त्याला जमत नसे. पुढे केलेल्या खुर्चीच्या कडेवर बसून तो म्हणाला, “तुम्ही चांगलेच आहात हो. पण तेवढं बघू नका ना.”

लक्षद्या खजील झाला. “पेंटर, खरं सांगू? त्या घोषणेच्या खोलीला खिडकी नव्हती. तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून बोललो मी. माझ्या तोंडानं हजारो गाड्या सुटल्या, डोळ्यांनी एकही पाहिली नाही. निवृत्त झालो तेव्हा पोराला म्हटलं, मला काही नको, एक गॅलरी काढून दे. आता बसतो नि बघतो. पण बाईंना त्रास होत असेल तर नाही बघणार. शब्द देतो.”

त्यानं शब्द पाळलासुद्धा. दुसऱ्या दिवशी बाई बाहेर आल्या तेव्हा त्यानं खुर्ची फिरवली आणि घोषणा केली, “लक्ष द्या. मी परसाकडे पाठ केलेली आहे.” दोन मिनिटांनी, “पाठ अजून तशीच आहे. कुणी काळजी करू नये.”

बाई आत गेल्या त्या गेल्याच. पाच दिवस वाया गेले होते. रात्रीचं जेवण झाल्यावर त्या पाय समोरच्या स्टुलावर ठेवून बसत, आणि तो पाय तिथे फळीसारखा सरळ पडलेला असे. पेंटर त्याच्याकडे चोरून बघायचा. एकदा बाईंनी पकडलं. “काय बघताय?” तो म्हणाला, “काही नाही.” चाळीस वर्षं ही बाई त्याच्या पुढे चार पावलं चालत आली होती. तिची पाठ बघत बघत त्यानं सगळं जग पाहिलं होतं. तीच खुर्चीत बसून राहिली तर आपण कुणाच्या मागे जायचं, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

सकाळी तो माळ्यावर चढला आणि ब्रश खाली काढले.

इतके दिवस हे आपल्याला सुचलं कसं नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चादरी काय, वेल काय, छत्री काय! जन्म गेला पडदे करण्यात, आणि घरात पडदा हवा तर माळ्याचे पाय धरतोय. त्यानं जाड मांजरपाट आणला, त्याचे पाट, म्हणजे लांब पट्टे, जोडून शिवून घेतले. परसात कापड पसरलं, खळ शिजवून चोपडली, उन्हात वाळवली. वाळलेल्या कापडावर बोटानं टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा तो हसला. मग लांब दांड्याचा ब्रश घेऊन कापडावर अनवाणी उतरला. आधी आकाशाच्या रंगाचा एक हात, मग लांबच्या टेकड्या, अलीकडे दुतर्फा झाडं आणि मधून जाणारा एक रुंद, मऊ मातीचा रस्ता, शेवटी वळण घेऊन दिसेनासा होणारा. बाई खिडकीतून म्हणाल्या, “अहो, नुसता आडोसा पुरे आहे.” पेंटरला ते ऐकू आलं नाही. कोरा पडदा टांगणारा पेंटर अजून जन्माला यायचा आहे.

ब्रश काढल्यापासून पाचव्या दिवशी शेजारच्या भिंतीलगत लोखंडी नळे उभे राहिले, वर आडवा बांबू, बांबूला कप्प्या, कप्प्यांतून दोऱ्या. पेंटरनं दोरी ओढली आणि पडदा सळसळत वर गेला. गॅलरी गेली, खुर्ची गेली, लक्षद्या गेला. आभाळ तेवढं राहिलं.

“या!” पेंटर ओरडला. “या बघायला!”

बाई वॉकर घेऊन दारात आल्या. त्यांच्या समोर चौदा फूट उंच मळकट कापड होतं. त्यावर पाटांच्या शिवणी, खळीचे डाग, आरपार झिरपलेले हिरवे-तपकिरी ठिपके आणि कोपऱ्यात कोळशानं लिहिलेलं ‘वर’.

“चित्र कुठंय?” बाईंनी विचारलं.

“पलीकडे.”

“पलीकडे का?”

“म्हणजे... प्रेक्षक तिकडे आहेत ना,” तो म्हणाला, आणि मग आपण काय केलंय ते हळूहळू त्याच्या डोक्यात शिरलं. पण चाळीस वर्षं पडदा टांगताना एकच गोष्ट पाहायची होती, रंगाची बाजू प्रेक्षकांकडे. हात आपोआप तसेच फिरले होते.

तेवढ्यात पलीकडून आवाज फुटला. “लक्ष द्या! लक्ष द्या! आपल्या घरामागे रस्ता सुरू झालेला आहे!”

संध्याकाळपर्यंत गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती. लक्षद्याची बायको, तिच्या दोन बहिणी, कोपऱ्यावरचा शिंपी, शिंप्याचे सासरे, बाईंचे अर्धा डझन माजी विद्यार्थी, सगळे रांगेनं वर जाऊन रस्ता बघून आले. कुणी म्हणे झाडाखाली सावली खरी वाटते, कुणी म्हणे त्या वळणापलीकडे काय असेल हो. चहा झाला. शिंप्याच्या सासऱ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, आणि खाली परसात उभ्या पेंटरचा हात सवयीनं छातीकडे गेला.

“एक जोडी डोळे झाकायला सांगितले,” बाई म्हणाल्या, “तर तुम्ही वीस जोड्या गोळा केल्यात. आणि मला काय? लग्न झाल्यापासून बघतेय. विंगेत डबा घेऊन बसायचे तेव्हाही तुमच्या पडद्याची पाठच माझ्या वाट्याला. आता घरात पण पाठच.”

“उलटा करू का? उद्या करतो.”

“काही नको. दिवस किती राहिलेत ते बघा.” अकरा राहिले होते. बाईंनी एकदा पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. फट नव्हती. “दिसत तर नाही कुणाला, एवढं खरं. उद्यापासून सुरू करते. पण तुम्हीही आत. दार लोटून घ्यायचं आणि मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही. मला कुणीच नको.”

पेंटर आनंदानं आत गेला. दुसऱ्या दिवशी दार लोटलं, रेडिओ लावला आणि कान देऊन बसला. टक्. टक्. टक्. वॉकर फरशीवर पडत होता. मध्येच बाईंचा खणखणीत आवाज, “सात!” मग जरा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक् टक्, आणि “आठ!” चाळीस होईपर्यंत पेंटरनं दोनदा डोळे पुसले. ज्याला चांगलं ऐकायचंच आहे त्याला सगळं चांगलंच ऐकू येतं. पुढचे चार दिवस हेच. सकाळी वीस, संध्याकाळी वीस, आणि आवाज दिवसेंदिवस जलद. “वाकतोय का गं?” तो विचारी. “वाकतोय, वाकतोय,” बाई म्हणत आणि पायावर चादर ओढून घेत.

सहाव्या दिवशी सकाळी पेंटर दूध घेऊन परत येत होता. दारात लक्षद्या उभा. हा माणूस महिनोन् महिने जिना उतरत नसे. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि पेंटरच्या दंडाला धरून त्याला बाजूला नेलं. मग तो बोलला, आणि ते इतक्या हळू आवाजात की पेंटरला वाटलं याचा घसा बसलाय.

“पेंटर, चूक असेल तर कान पकडतो. पण तुमच्या कानावर घालतो. बाई चालत नाहीयेत.”

“काहीतरीच काय! चाळीस फेऱ्या होतात रोज. मी ऐकतो.”

“मी पण ऐकतो. पडदा आहे, दुसरं करणार काय? आणि ऐकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्या खोलीत खिडकी नव्हती ना, गाडी आली, लागली, सुटली, सगळं कानानंच कळायचं. चालती गाडी असली की आवाज लांब जातो, परत येतो. बाईंचा आवाज जात नाही आणि येत नाही. एकाच जागी. लिंबापाशी.” त्यानं मान खाली घातली. “गाडी फलाटावरच आहे हो. नुसतं इंजिन चालू आहे.”

पेंटरला राग आला. राग फार वेळ त्याच्याकडे टिकत नसे, तेवढ्यातच तो संपला आणि खाली भीती उरली. “कुणाला बोललात?” त्यानं विचारलं.

“कुणाला नाही. आत बायकोलासुद्धा नाही,” लक्षद्या म्हणाला. त्याच्या बाबतीत ही केवढी गोष्ट होती ते पेंटरला कळलं.

घरात येऊन त्यानं दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. बाई परसात होत्या. टक् टक् चालू होतं. त्यानं रेडिओ बंद केला, लोटलेल्या दाराशी उभं राहून डोळे मिटले आणि पहिल्यांदाच नीट ऐकलं. टक्. टक्. टक्. आवाज लिंबापाशी होता. तिथेच राहिला. “तेरा!” बाई गरजल्या. पेंटरनं दार ढकललं.

लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. उजवा पाय धुण्याच्या दगडावर सरळ ठेवलेला. डाव्या हातात पेपर, त्यातलं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. उजव्या हातानं वॉकरची दांडी धरून त्या तो एका लयीत फरशीवर आपटत होत्या. नवऱ्याला बघून त्यांचा हात हवेतच थांबला.

“हाक मारल्याशिवाय यायचं नाही असं ठरलं होतं,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“मग?”

“तेरा झाल्या म्हणून आलो.”

शाळेत फेऱ्या चुकवून झाडाआड बसलेल्या शेकडो पोरांना बाईंनी कानाला धरून ओढून काढलं होतं. आता त्यांचेच कान लाल झाले. हसू यावं असाच सगळा देखावा होता आणि पेंटरला ते आलंही असतं. पण बाईंनी मान वळवली, आणि ती मान त्यानं आजवर तशी कधी वळलेली पाहिली नव्हती. तो तिथेच, खुर्चीच्या पायाशी, फरशीवर बसला.

“पहिल्या दिवशी चालले होते मी,” बाई म्हणाल्या. “सहा फेऱ्या खऱ्या मारल्या. सातव्या वेळी वॉकरचा पाय फरशीच्या खाचेत अडकला आणि मी गेलेच होते. भिंतीला हात लागला म्हणून वाचले. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. आत तुमचा रेडिओ चालू. वर बघितलं तर हे कापड. कुणीसुद्धा नाही. तेव्हा मनात आलं, इथे पडले तर कळणार कुणाला?”

“हाक मारायची होती.”

“मी?” बाईंनी वळून पाहिलं. “मदतीची हाक? मला येत नाही ती. कधी मारलीच नाही. ‘सात’ म्हणून ओरडले, तेवढंच आलं तोंडात.” त्यांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “कुणी बघायला नको म्हणून तुमच्याकडून एवढं करून घेतलं. आणि कुणी बघत नाही म्हणून खुर्चीत बसले. काय म्हणाल बायकोला? हसा.”

“मला हसू येत नाहीये. मला भीती वाटतेय,” पेंटर म्हणाला. इतक्या वर्षांत हा शब्द त्यानं बाईंपुढे काढला नव्हता, पण एकदा निघाल्यावर पुढचे आपोआप आले. “तुझा पाय असाच राहिला तर? तू पुढे चालायचीस आणि मी मागून यायचो. मला बाजाराचा रस्तासुद्धा नीट माहीत नाही. कधी बघितलाच नाही, तुझ्या पाठीकडे बघत आलो. तू बसून राहिलीस तर मी कुठे जाऊ? तुला लोकांनी बघायला नको, कबूल. मी जन्मभर इथे पडदा धरून उभा राहतो. पण मला कशाला आत बसवलंस? मी काय लोक आहे?”

पडदा वाऱ्यानं जरासा फुगला आणि परत बसला. पलीकडच्या गॅलरीत वेताची खुर्ची कुरकुरली आणि गप्प झाली. लक्षद्या तिथे होता, त्याला सगळं ऐकू येत होतं, आणि तो तोंडातून ब्र काढत नव्हता.

“पाच दिवसांत काटकोन होतो का हो?” बाईंनी विचारलं.

“मला काय माहीत. मी पेंटर आहे.”

“होत नसेल तरी पाच दिवस आहेतच की.” त्यांनी पेपर खुर्चीखाली टाकला, दगडावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली घेतला आणि तोंडानं नुसता एक लांब श्वास सोडला. “उठा आता. बसलात काय फतकल मारून? मला उभं करा.”

पेंटरनं त्यांना उभं केलं. उठताना बाईंनी त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि तो भार केवढा आहे हे त्याला पहिल्यांदाच कळलं. वॉकर पुढे आला. डावं पाऊल पडलं. मग उजवा पाय उचलला गेला, थरथरला, गुडघ्यात इवलासा वाकला आणि बाईंचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला की पेंटरच्याच डोळ्यांत पाणी आलं. तो त्यांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून, लहान मूल उभं राहायला लागल्यावर धरतात तसे त्यांच्या दोन्ही बाजूंनी धरले.

बाई थांबल्या. “हे काय?”

“पडलीस तर?”

“अजून पडलेय का?” बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “पडले तर उचला. तोवर हात खाली!”

पेंटरनं हात खाली घेतले. नजर मात्र काढली नाही, आणि उलटं चालत चालत तो बाईंना मागच्या भिंतीपर्यंत घेऊन गेला.